दादांनी बदललेली बाजू

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या कॉलनीत नळ होते, पाणी नव्हतं. क्रांती चौकाच्या पलीकडं नवी घरं भराभर उठत होती, गंगापूरकडची माणसं बांधकामावर येत होती, आणि आम्ही संध्याकाळी घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसायचो. म्हणजे बसायची मी. माझे वडील, दादा, शाळेत इतिहास शिकवायचे. ते आणि शेजारचे काका ओट्यावर बसून भांडायचे. घागरी मी ओढायच्या आणि जगाचा इतिहास यांनी करायचा! लई राग यायचा मला.

काका ज्यू होते. मूळचे अलिबागकडचे, मराठी आमच्याहून गोड. सरकारी ओव्हरसियर म्हणून बदली होऊन आलेले. आमच्या ओळखीत त्यांच्यातलं ते एकच घर. वादाचा विषयही एकच: इस्रायल का झालं?

दादा पोटतिडकीनं बोलायचे. युरोपात शतकानुशतकं हाकललं, वेगळ्या वस्त्यांत कोंडलं, महायुद्धात लाखोंनी मारलं. मग त्या लोकांनी हक्काचं घर मागायचं नाही तर काय करायचं? काका पान लावत म्हणायचे, "मास्तर, मला इथं कुणी बोट लावलेलं नाही. तुमची कारणं तिकडच्यांची. त्यात माझं काय?" दादा चिडायचे. काकांना तेच हवं असायचं.

काकांचा मुलगा आधीच इस्रायलला गेला होता. एका संध्याकाळी ते सहज बोलावं तसं बोलले, "आम्हीही जायचं म्हणतोय."

दादा उठून घरात गेले. टँकर आला, गेला, तरी बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दादांनी बाजूच बदलली! म्हणे, इंग्रजांनी एकाच जमिनीचा शब्द ज्यूंनाही दिला आणि अरबांनाही. तिथं पिढ्यानपिढ्या राहणारे अरब होते, त्यांची घरंदारं गेली, त्याचं काय? पाप युरोपचं, भरपाई त्यांनी का करायची? यातलंही एक अक्षर खोटं नव्हतं. पण दादांचा आवाज चढला होता.

काका हसले. "मास्तर, काल-परवापर्यंत तर उलटं सांगत होतात."

"अभ्यास वाढला माझा."

"एका रात्रीत?"

मी फिसकन हसले. दादांनी माझ्याकडं असं बघितलं की हसू जागीच जिरलं.

निघायच्या आधी काकूंनी मलिदा केला. प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांच्यात ज्यूंच्या एका जुन्या पैगंबराच्या नावानं करतात: भिजवलेले पोहे, ओला नारळ, गूळ, वर फळं. ताटाभोवती खरं तर त्यांची माणसं हवीत. ती इथं आणायची कुठून? आम्हीच बसलो. मी काकूंना हळूच विचारलं, का जाताय? "अगं, पोरगं तिकडं आहे," एवढंच त्या म्हणाल्या. इतक्या महिन्यांच्या भांडणात हे कारण कुणी काढलंच नव्हतं.

काकांनी प्रार्थना म्हटली आणि पहिली मूठ दादांच्या हातावर ठेवली. दादा ती तशीच धरून बसले.

"मास्तर, आता तरी सांगा. तुमची कुठली बाजू खरी?"

"दोन्ही खऱ्या आहेत हो," दादा म्हणाले, आणि माझ्या करड्या बापाचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "दोन्ही खऱ्या आहेत. पण तुम्ही जाऊ नका."

काकांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. दारात त्यांच्या ट्रंका बांधून ठेवलेल्या होत्या.