आंब्याला टांगलेला फोन

"शेठ, आधी पाणी घ्या. मग भांडा."

गंगापूर रोडवरच्या मोबाइल कंपनीच्या दुकानात तक्रारींच्या काउंटरवर बसणारा तो तिशीचा माणूस प्रत्येकापुढे स्टीलचा ग्लास ठेवायचा आणि हेच म्हणायचा. तुम्ही दुकान चालवलं असेल, तर यातली हुशारी तुमच्या लक्षात येईल. पाणी पिताना माणसाला ओरडता येत नाही. मी ग्लास रिकामा केला आणि मग ओरडलो.

मोबाइल तेव्हा नुकता आमच्यासारख्यांच्या खिशात आला होता. मी हरसूलच्या बाजारातून तांदूळ आणि नागली उचलायचो आणि नाशकात विकायचो. दोन वर्षांच्या करारावर फोन अर्ध्या किमतीत मिळाला. घेताना मी तीनदा विचारलं होतं, हरसूलला रेंज आहे ना? विकणाऱ्याने नकाशावर बोट ठेवून "फुल" म्हटलं. आणि ऐन बाजाराच्या दिवशी फोन मुका. नाशकात भाव पडला होता, मला कळलं संध्याकाळी, माल टेम्पोत भरल्यावर. पाठीवर पोती वाहून मी दुकान उभं केलंय. मला कोणी फसवलं की ते माझ्या डोक्यातून जात नाही. अजून गेलेलं नाही.

मुदतीआधी करार सोडला तर उरलेल्या महिन्यांचं भाडं एकदम भरायचं. धंद्याच्या जागी रेंज नाही असा कंपनीच्याच माणसाने अहवाल दिला, तरच सुटका. तो अहवाल या काउंटरवाल्याने लिहायचा होता. बाकीचे नकाशा बघून लिहायचे.

"मी येऊन बघतो," तो म्हणाला.

रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तो माझ्यासोबत एसटीत बसला. फोन तीर्थ घेतल्यासारखा तळहातावर आडवा धरलेला, मांडीवर वही. त्र्यंबक मागे पडलं तशी वही भरू लागली. पूल, रेंजच्या तीन काड्या. चढण, एक. मध्येच त्याच्या आईचा फोन आला. एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस एकदम आपल्या गावच्या बोलीत, बागलाणात पोचला. "हां माय, जेवनू. गाडीमा शे." तेवढ्यात फोन कापला गेला.

"शेठ, आता माझीपण तक्रार लिहून घ्या," तो म्हणाला.

हरसूलला चहावाल्याने आमच्याकडे बघूनच ओळखलं. "हितं नाय यायची सायेब. त्या आंब्याला टांगा."

आंब्याच्या एका फांदीला प्लास्टिकच्या पिशव्यांत तीन फोन लटकत होते. वाजला की चहावाला मालकाला हाक मारायचा. मालक यायचा आणि फोन न काढता, मान वर करून, फांदीशी बोलायचा. खाली काढला की रेंज जायची. काउंटरवाल्याने आपला फोन टांगला. एक काडी आली.

मी मनात हिशेब केला. एक काडी म्हणजे रेंज आहे, म्हणजे सुटका नाही.

त्याने वहीत 'आंबा, एक' लिहिलं. मग म्हणाला, "शेठ, पुढच्या महिन्यात मला नोकरीत पक्कं करणार आहेत. साहेबांनी सांगितलंय, तोवर एकही गिऱ्हाईक सुटता कामा नये."

तो ही गोष्ट मला विनवणीने सांगत नव्हता, फक्त सांगत होता. मी सौदा करणारा माणूस. समोरचा डगमगला की मी दाबतो. मी म्हणालो, "तो तुझा प्रश्न. तू डोळ्यांनी बघितलंस, ते लिही."

"लिहितो," तो म्हणाला. माझ्यासमोरच त्याने लिहिलं, 'बाजारात रेंज नाही. एका झाडावर आहे. गिऱ्हाईक झाडावर बसून धंदा करू शकत नाही.' खाली सही केली, आणि स्वतःच्या चहाचे पैसे स्वतः दिले.

दीड महिन्याने पत्र आलं, करार रद्द. मी पाच किलो नवा तांदूळ घेऊन दुकानात गेलो. काउंटरवर दुसराच माणूस होता. आधीच्याला पक्कं केलं नव्हतं. माझ्या कागदामुळे का, ते कोणी सांगेना. त्याचा नंबर माझ्याकडे होता, पण तो कंपनीचा. जाताना काढून घेतलेला.

दुकानाच्या वॉचमनने सातपूरमधली खोली सांगितली. घरमालकीण दारातच गहू निवडत होती. "तो गावी गेला आईकडे," ती म्हणाली. गावाचं नाव तिला आठवेना. सटाण्याकडचं कुठलंसं.

"चांगला होता हो. तुमचं काही राहिलंय का त्याच्याकडे?"

मी नाही म्हटलं. तांदळाची पिशवी तिच्या सुपाशेजारी ठेवली.

"किती द्यायचे?" तिने विचारलं.

आयुष्यभर मी भाव सांगत आलोय.  त्या पिशवीचा न सांगताच मी स्कूटरला किक मारली.