दृष्ट तुम्ही काढा, औषध मी बदलते

नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. नगरच्या रुग्णालयात मी सर्जन म्हणून रुजू झालो, त्या दिवशी भूलतज्ज्ञ डॉ. विमलताई मला भेटल्या त्या थिएटरबाहेरच्या बाकावर, पेशंटच्या नातेवाइकांत बसून चहा पीत गप्पा मारताना. "बसा डॉक्टर, घाई फक्त तुम्हालाच आहे," त्या म्हणाल्या. हे वाक्य मी अजूनही ऐकतो आहे.

आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो. त्या गप्पा म्हणजे बाईंची तपासणीच असे. "घरात कुणाला भूल उतरायला वेळ लागला होता का?" हे त्या फिरवून फिरवून विचारत. मिरजगावचा रतन पित्ताशयातल्या खड्यांसाठी आला, तेव्हा त्याच्या आईने, सखूबाईंनी, साफ "न्हाई" सांगितले. मी हात धुवायला निघालो. बाई मात्र उठेनात.

"बरं, दवाखान्यात कुणाला दृष्ट-बिष्ट लागली होती?"

"व्हय की! माज्या भावाला. आपरेशन झालं, पर गडी हालंना, श्वास घीना. डाक्टर फुगा दाबीत बसलं. म्या मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, तवा कुठं सांजच्याला जागा झाला."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"दिष्टीचं डाक्टरला कशाला सांगायचं, बाई?"

बाईंचे हसू मावळले. स्नायू सैल करणारे एक नेहमीचे औषध असते. शरीरातले एक एन्झाइम ते काही मिनिटांत मोडून टाकते. काही घराण्यांत ते एन्झाइमच कमी असते. मग श्वास तासन्‌तास परतत नाही. मामाचा तो दोष भाच्यातही असू शकत होता. बाईंनी शस्त्रक्रिया पुढे ढकलून रक्त पुण्याला पाठवले. मी यथेच्छ कुरकुरलो. रिपोर्टात एन्झाइम फारच कमी निघाले आणि मी बाईंपुढे कान पकडले.

शस्त्रक्रियेच्या सकाळी सखूबाई पदराखाली मूठ लपवून उभ्या होत्या. बाई म्हणाल्या, "लपवता कशाला? दृष्ट तुम्ही काढा, औषध मी बदलते." रतन टेबलावरच डोळे उघडून "झालं का?" म्हणाला, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले होते. पुढे त्यांनी त्या घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासून घेतले आणि ज्यांच्यात तोच दोष निघाला, त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतले: "डाक्टर, आमाला भूल जपून द्या."

भूल देणाऱ्याला पेशंट विसरतो, असे आम्ही बाईंना चिडवायचो. पण बाईंच्या उद्याच्या साठीच्या समारंभाला सखूबाई मिरजगावहून मीठ-मोहऱ्या घेऊन निघाल्या आहेत, बाईंची दृष्ट काढायला.

बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. उद्या मात्र सखूबाईंचे ओवाळून होईपर्यंत खुर्चीतून उठू नका. घाई आता कुणालाच नाही.