फीट आल्यावर काय करायचं

आमच्या भोर-वेल्ह्याकडे स्थळाला नकार द्यायचा असला की दोष ग्रहांवर टाकतात. मुलगी सावळी वाटली, मुलाची नोकरी कच्ची निघाली, सासू तोंडाळ असल्याचं कानावर आलं, काहीही असो, निरोप एकच येतो: पत्रिका जुळत नाही. त्याने कुणाचं मन दुखावत नाही आणि पुढे बाजारात गाठ पडली तर तोंड चुकवावं लागत नाही.

मला या वाक्याचा भारी राग. मी मानसशास्त्रज्ञ. मोडत आलेल्या संसारांची गाऱ्हाणी बरीच वर्षं ऐकली आणि वाटलं, हे सगळं लग्नाआधीच विचारलं असतं तर? म्हणून भोरमध्ये दोन खोल्या घेऊन ऑनलाइन लग्न जुळवायचा उद्योग काढला. त्यात पत्रिकेचा रकानाच ठेवला नाही. त्याऐवजी माझी ऐंशी प्रश्नांची प्रश्नावली आणि एक नियम: आठ दिवसांत उत्तर द्यायचं, आणि नकार असेल तर खरं कारण लिहायचं. प्रश्नावलीचा मला इतका अभिमान की कुणी एखादा प्रश्न मोकळा सोडला तर मी स्वतः फोन करून झापायची.

एक दिवस आंबवड्याची एक मुलगी आईला घेऊन नाव नोंदवायला आली. भोरच्या पतसंस्थेत कॉम्प्युटरवर काम करणारी, हसरी, नेमकं बोलणारी. तिला लहानपणापासून फीट यायची. गोळ्या कधी चुकवत नव्हती, त्यामुळे आता वर्ष-दीड वर्षातून एखादी. आईने ही गोष्ट सख्ख्या बहिणीपासूनही लपवली होती. मुलगी मात्र म्हणाली, "हे मला पहिल्याच ओळीत लिहायचंय."

मी तिला जे सांगितलं त्याची आज लाज वाटते. म्हटलं, "पहिल्या ओळीत नको. एकदा भेट होऊ दे, तू त्यांना आवडू दे, मग सांगू."

"मॅडम, आवडल्यावर सांगितलं तर फसवल्यासारखं होईल," ती म्हणाली. "आणि खरं लिहायचा नियम तुमचाच ना?"

मी निमूटपणे ती ओळ सगळ्यात वर लिहिली. पुढच्या चार महिन्यांत नऊ घरांना तिचं स्थळ सुचवलं. नऊही घरांतून उत्तर आलं, पत्रिका जुळत नाही. आमच्याकडे पत्रिका कुणी दिलेलीच नव्हती. नवव्या नकारानंतर तिची आई एकटीच आली आणि माझा हात धरून म्हणाली, "ती ओळ काढून टाका, मॅडम. तिला कळू देऊ नका. न्हाईतर पोरगी घरातच ऱ्हाईल." मी ठामपणे नाही म्हणायला हवं होतं. दोन दिवस विचार करते, एवढंच म्हणाले.

त्या दोन दिवसांतच फोन आला. गुंजवण्याहून एका मुलाची आई बोलत होती. मुलगा वरव्याजवळच्या कारखान्यात कामाला, घरची भातशेती. आंबवड्याच्या मुलीची माहिती तिने त्याच्याकडून वाचून घेतली होती.

"मग विचार काय आहे?" मी विचारलं.

"हो-न्हाई मागनं सांगते. आदी मला सांगा, फीट आल्यावर करायचं काय? आमच्याकडं कांदा हुंगवत्यात. कुणी चप्पल हुंगवतंय. त्यानं थांबती का?"

"नाही थांबत. मी तुम्हाला मोबाईलवर व्हिडिओ पाठवते."

"मोबाईलातल्या बाईला उलटं काय इचारणार? म्या त्या पोरीलाच इचारते."

रविवारी मायलेक नसरापूरला एसटी बदलून भोरला आणि तिथून सीट भरल्यावरच सुटणाऱ्या वडापच्या जीपने आंबवड्याला आले. मीही गेले. मला वाटत होतं, ही बाई मुलीला खोदून खोदून विचारणार आणि दहावा नकार आता तोंडावर मिळणार.

पोहे झाले. बाईंनी बशी खाली ठेवली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. मुलीनेही न अडखळता सांगितलं. आजूबाजूचं कठीण, टोकदार काही असेल ते बाजूला सारायचं. हात-पाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. घड्याळ बघत राहायचं आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायचा.

"आसं नुसतं ऐकून माझ्या ध्येनात ऱ्हायाचं न्हाई," बाई म्हणाल्या. "झोप बरं हितं."

मुलीच्या आईचा चेहरा पांढरा पडला. मुलीने एकदा आईकडे पाहिलं आणि चांगल्या साडीनिशी सतरंजीवर आडवी झाली. बाईंनी पदर खोचला, स्टूल लांब सरकवलं, पाण्याचा तांब्या उचलला आणि गुडघे टेकून बसल्या. पहिल्यांदा त्यांनी तिचं मनगटच धरलं.

"हात नका धरू, मावशी," मिटल्या डोळ्यांनी मुलगी म्हणाली.

"बरं. मग खांदा?"

"खांदा आणि कंबर. तोंड थोडं खाली करा, म्हणजे लाळ बाहेर येते."

तीनदा केल्यावर त्यांचं समाधान झालं. मग त्यांनी लेकाला बोलावलं. तो जागचा हलेना. परक्या मुलीला तिच्या आईसमोर हात कसा लावणार? बाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी मुलीला उठवलं आणि स्वतःच सतरंजीवर आडव्या झाल्या. "मला वळव," त्या म्हणाल्या. मुलगी शेजारी बसून सांगत होती आणि लाजेने कानाच्या पाळ्या लाल झालेला तो आपल्या आईला कुशीवर वळवत होता. मी आयुष्यभर माणसांच्या मनाचा अभ्यास केला, पण असं काही मी कुठे वाचलं नव्हतं, पाहिलंही नव्हतं. माझे डोळे भरून आले. मुलीची आई तर दारातच बसून रडत होती.

"आता ह्ये आमाला येतंय," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "लगीन जमू नायतर न जमू. वाडीत कुणाला झालं तर कांदा तरी हुंगवणार न्हाई."

मग मुलगी त्या मुलाकडे वळली. "माझं तुम्ही शिकलात. तुमचं मी काय शिकायचं?"

तो गोंधळला. "मी चिडलो की बोलत न्हाई," तो शेवटी म्हणाला. "दोन-दोन दिवस."

"मग अशा वेळी काय करायचं?"

"ठाऊक न्हाई. आजवर कुणी इचारलं न्हाई."

बाई उठून बसल्या आणि सुटलेला अंबाडा बांधू लागल्या. "मलाबी सत्तावीस वरसं झाली, अजून उमगलं न्हाई," त्या मुलीला म्हणाल्या. "आपून दोघी मिळून बघू."

हा होकार होता, हे मला कळायला क्षणभर लागलं. मुलीला ते आधीच कळलं होतं. ती सतरंजीवर त्यांना खेटून बसली आणि त्यांच्या हातातून निसटलेला आकडा उचलून तिने तो अंबाड्यात खोचला.