टाचेच्या हाडातली गाठ

सुमन, शेवगावच्या एसटी स्टँडवर अण्णांनी मला पाठुंगळीला घेतलं होतं, तेव्हा तू आईच्या कडेवर होतीस. तुला आठवणार नाही. मी सोळा वर्षांची होते. आईने पिशवीत दोनच पातळं घातली. "मुरगळलंय नुसतं. आठ दिसात येशील," ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

दुष्काळी कामावर खडी वाहताना उजव्या टाचेत कळ यायची. गावातल्या एका म्हाताऱ्याने कित्येक महिने तेल लावून चोळलं. सूज दगडासारखी घट्ट झाली, तेव्हा कुठे आम्ही पुण्याला निघालो.

डॉक्टरांनी पायाचा फोटो उजेडात धरून पाहिला. मग गाठीचा तुकडा काढून तपासला. "टाचेच्या हाडाचा कॅन्सर आहे. या हाडात फार क्वचित होतो."

अण्णांनी विचारलं, "यातनं कुनी वाचलंय का, सायेब?"

"पाय काढला तर आशा आहे."

मला त्या 'क्वचित'चीच धडकी भरली. आपल्या गावात साप चावून उठलेली माणसं होती, क्षयातून उठलेली होती. हे होऊन जगलेलं एकही माणूस मी पाहिलं नव्हतं. कोणाला विचारणार?

अण्णांनी अंगठा उठवला. "पाय घ्या, पन पोर ऱ्हाऊ द्या."

गुडघ्याखाली पाय गेला. भीती राहिली. हा आजार छातीत उतरतो, म्हणून दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो. एवढी ये-जा झेपणारी नव्हती. मी पुण्यात मावशीकडेच राहिले, हातमशीनवर परकर शिवायला शिकले. फोटोची तारीख जवळ आली आणि खोकला आला, की तोंडात पदर कोंबायचे. मावशीला ऐकू जाऊ नये.

पाच वर्षांनी डॉक्टर म्हणाले, "आता गावी राहायला हरकत नाही." तरी मी आले नाही. तू पत्रात विचारतेस, का? खरं सांगते. तिथे पुन्हा कुठे दुखलं, तर पुन्हा कुणीतरी तेलच चोळेल, असं वाटायचं. अजून वाटतं.

चार दिवसांसाठी आले होते तेव्हाचं तुला आठवत असेल. सगळे जेवायला खाली बसलात. लाकडी पायाने मांडी घालता येईना, म्हणून मला बाजेवर बसवलं. पाहुणीसारखी उंचावर एकटी. आईने चुलीपुढून उठून आपलं ताट उचललं, पिठाच्या हातांनीच माझ्याशेजारी आली.

"सरक जरा," म्हणाली.

घर म्हटलं की आता मला तेवढीच जागा दिसते.