पाच वाजताचा समुद्र

त्या दिवशी मी समुद्रात बुडालो नाही, याचं एकमेव कारण असं की समुद्र हजर नव्हता.

हे वाक्य भूगोलाच्या शिक्षकाला लिहावं लागणं बरं दिसत नाही, पण इलाज नाही. डहाणूच्या एका शाळेत मी बरीच वर्षं भूगोल शिकवतो. मूळचा गंजाडचा, म्हणजे जमिनीवरचा माणूस. समुद्र मी आधी पुस्तकात पाहिला आणि नंतर डहाणूत. दोघांचं पटलं नाही तर मी पुस्तकाची बाजू घेतो.

दुसरी गोष्ट सांगून ठेवतो. मी तिथी, वार, मुहूर्त मानत नाही. नुसता मानत नाही असं नाही, तर न मानण्यावर वाचनालयात दरवर्षी एक व्याख्यान देतो. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे ते तलासरीच्या एका टायरवाल्याचं. त्यावर फक्त तारखा आणि टायर. एकादशी नाही, चतुर्थी नाही, राहुकाळ नाही. ते मी तत्त्व म्हणून लावलं आहे (फुकट मिळालं हेही खरं, पण मुख्य कारण तत्त्व).

२०१५च्या नाताळात माझे मेहुणे शिरीषराव सपत्नीक आमच्याकडे आले. शिरीषराव पुण्याचे. त्यांनी जगातले बरेच समुद्र पाहिलेले आहेत आणि पाहिलेला प्रत्येक समुद्र ते आमच्या ओट्यावर बसून डहाणूच्या समुद्राच्या डोक्यात मारतात. बालीचं पाणी निळं, फुकेतचं पाणी हिरवं, आणि आमचं?

"चहासारखं," शिरीषराव म्हणाले. "दूध घालून केलेल्या. वंदू, खरं सांग, तुमच्याकडे चिकू सोडून आहे काय?"

वंदू म्हणजे माझी बायको वंदना. लग्न होऊन डहाणूला आल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, ती हा प्रश्न ऐकते आहे. यावेळी ती चहाचे कप घेऊन आत आली आणि मला हळू आवाजात म्हणाली, "अहो, आजवर काही मागितलं नाही मी. एकदा, फक्त एकदा, दादाला गप्प करा."

अठरा वर्षांत तिने काही मागितलं नाही हे विधान तपासून पाहण्यासारखं होतं. पण तिचा चेहरा पाहून मी तपासलं नाही. किनाऱ्यावर नुकताच एक बोर्ड लागला होता तो मला आठवला: 'इंटरनॅशनल वॉटर स्पोर्ट्स. गायडेड जेट स्की राइड.' मी बोर्डावरचा फोन लावला.

फोन उचलला विपुलभाईंनी. हे तलासरीचे, म्हणजे तेही जमिनीवरचेच. महामार्गालगत पाण्याचे पंप विकत होते. दमणच्या बाजूने त्यांना एक जुनी जेट स्की मिळाली आणि ते रातोरात इंटरनॅशनल झाले.

"दहा मिनिटांची राइड, सर. पुढे मी, मागे तुमचे गेस्ट. फुल गायडेड. चिंता नै करवानी."

"उद्या पाच वाजता चालेल?"

"पाच तर एकदम मस्त. सनसेट भेटेल."

इथे एका समुद्राबद्दल दोन सुशिक्षित माणसांनी वेळ ठरवली, त्यातला एक तलासरीचा आणि एक गंजाडचा. समुद्राला कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमनामावशी मासे घेऊन आल्या. मावशींचं घर किनाऱ्यावर, नवरा आणि दोन्ही मुलगे होडीवर. आमच्या घरी पापलेट त्यांच्याकडून येतं आणि गावच्या बातम्याही. पाहुण्यांसाठी मोठी पापलेटं निवडता निवडता मी जरा मोठ्याने सांगितलं, म्हणजे ओट्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, की आज आम्ही जेट स्कीवर चाललो आहोत.

"कधी?"

"पाचला."

मावशींचा हात पाटीवरच थांबला. "पाचला काय करता जाऊन, मास्तर? जेवणाच्या वेळेला जा."

"का?"

"आज पुनव आहे."

झालं. माझ्यातला व्याख्याता उठून उभा राहिला. शिरीषराव ओट्यावर पेपर वाचत होते, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त ताठ उभा राहिला.

"मावशी," मी म्हणालो, "चंद्र म्हणजे एक दगड आहे. मोठा आहे, पण दगड. तो आपल्या कामात ढवळाढवळ करत नाही. आणि जेट स्की पेट्रोलवर चालते, पौर्णिमेवर नाही."

"हो का," मावशी म्हणाल्या. त्यांनी पाटी उचलली, नुकत्याच बाहेर आलेल्या वंदनाकडे एकवार पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

"काय म्हणत होत्या?" वंदनाने विचारलं.

"काही नाही. अंधश्रद्धा."

शिरीषराव पेपराआडून म्हणाले, "भावोजी, मानलं तुम्हाला." त्यांनी मला मानल्याची ही पहिली वेळ. ती शेवटची ठरायला आठ-नऊ तास शिल्लक होते.

साडेचारला शिरीषराव तयार होऊन बाहेर आले. अंगाला चिकटलेला निळा पोशाख, दोरीने गळ्यात अडकवलेला गॉगल, पायात खास पाण्यासाठीचे बूट (ते बालीचे), आणि मोबाइलसाठी प्लास्टिकची पिशवी. वहिनींच्या हाती दुसरा मोबाइल, शूटिंगसाठी. वंदनाने माहेरची साडी नेसली होती. एवढ्या तयारीने लोक मतदानालाही जात नाहीत.

सुरूच्या झाडांतून आम्ही किनाऱ्यावर उतरलो आणि सगळे एकदम थांबलो.

समोर वाळू होती. तिच्यापुढे ओली वाळू. तिच्यापुढे काळे खडक, खडकांपुढे चिखल, चिखलापुढे आणखी चिखल, आणि सगळ्याच्या पलीकडे, गुजरातच्या बाजूला कुठेतरी पेन्सिलीने ओढल्यासारखी एक चकचकीत रेघ.

"भावोजी," शिरीषराव म्हणाले, "समुद्र कुठाय?"

"हाच."

"हा?"

"जरा पुढे आहे."

विपुलभाई बोर्डाखाली उभे होते, गळ्यात शिट्टी. त्यांच्या चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या माणसाचा भाव होता. "दुपारी होता, सर," ते म्हणाले. "आईशप्पत. एक वाजता मी बोर्ड पुसायला आलो, इथे होता. माझा बूट भिजला."

"मग गेला कुठे?"

"आता ते मी काय सांगू? पंपात असं होत नाही."

माझ्या डोक्यात काहीतरी हलायला लागलं होतं, पण मी ते दाबून धरलं.

माघार घ्यायची हीच वेळ होती. पण वंदना माझ्याकडे बघत होती आणि शिरीषराव मिशीतल्या मिशीत हसत होते. "होऊ दे," मी म्हणालो. "पाणी आपल्याकडे येत नसेल तर आपण पाण्याकडे जाऊ."

मग रीतसर कारभार सुरू झाला. शिरीषरावांनी एका फॉर्मवर सही केली: 'मी खोल पाण्यात स्वतःच्या जबाबदारीवर उतरत आहे.' सही करताना आसपास एक लोटाभर पाणी नव्हतं. विपुलभाईंनी शिट्टी वाजवून दहा सूचना दिल्या. लाटेकडे पाठ करू नये, ही सातवी. लाइफ जॅकेटचा पट्टा शिरीषरावांच्या पोटावरून जाईना, तेव्हा विपुलभाईंनी पंपाची एक रबरी नळी जोडून तो वाढवला.

जेट स्की ट्रॉलीवर होती, ट्रॉली ट्रॅक्टरला. बालीचे बूट चिखलात घालायला शिरीषराव तयार नव्हते, म्हणून ते ट्रॉलीवरच्या जेट स्कीवरच चढून बसले, हँडल धरून. विपुलभाई ट्रॅक्टरवर, मी चपला हातात घेऊन मागे. निघालो. नाताळची गर्दी भेळ खात होती, तिने खाणं थांबवलं. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीवर उंचावर नारिंगी जॅकेट घातलेली भरदार मूर्ती, आणि मूर्ती समुद्राकडे चाललेली. व्हायचं तेच झालं. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "गणपती बाप्पा..." आणि उरलेल्या किनाऱ्याने ते पूर्ण केलं.

शिरीषरावांनी आधी हात हलवला. त्यांना ते स्वागत वाटलं.

अर्ध्या वाटेवर ट्रॅक्टर थांबला. मग मागच्या चाकांनी एक लांब उसासा टाकला आणि ती खाली गेली. विपुलभाईंनी जोर लावला, ती आणखी खाली गेली.

"उतरा, सर," विपुलभाई म्हणाले. "वजन कमी करू."

शिरीषराव उतरले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. पाय बाहेर आला तेव्हा बूट बरोबर आला नाही. (तो बूट अजून तिथे आहे. बालीहून निघालेली वस्तू डहाणूला कायमची स्थायिक झाल्याचं हे एकमेव उदाहरण.)

"आता?"

"आता मी दाखवतो तिथेच पाय ठेवा," विपुलभाई म्हणाले, आणि अनवाणी पुढे चालू लागले. "इथे. इथे नको. इथे." अशा रीतीने गायडेड राइडमधला गायडेड भाग विपुलभाईंनी शब्दशः पूर्ण केला. शिट्टीसुद्धा वाजवली.

चालत चालत आम्ही एका खडकावर चढलो. रेघ अजून तेवढीच लांब होती. पश्चिमेला सूर्य पाण्याला टेकत होता. विपुलभाई म्हणाले होते तसा सनसेट भेटला. तोंड लपवायला मी मागे वळलो, गावाकडे.

आणि सुरूच्या झाडांमागून चंद्र वर येत होता. पूर्ण गोल.

एकीकडे सूर्य, दुसरीकडे चंद्र, मध्ये पृथ्वी, तिन्ही एका रेषेत. ही आकृती मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो आहे. खाली लिहितो: 'पौर्णिमेला व अमावस्येला उधाणाची भरती येते व ओहोटीचे पाणी सर्वात दूर जाते.' मुलांकडून तीन वेळा म्हणवून घेतो. त्या आकृतीत पृथ्वीवर हातात चपला घेऊन उभा असलेला माणूस काढायची पद्धत नाही, एवढाच काय तो फरक.

"विपुलभाई," मी म्हणालो, "आता पाणी फिरेल. ट्रॅक्टर काढायला हवा."

विपुलभाईंचा चेहरा पडला. "मरी गयो. ट्रॅक्टर माझ्या मेहुण्याचा आहे."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी त्या चिखलात दोन भाऊ उभे होते.

शेवटी जमनामावशींचे मुलगे आले, आणखी आठ-दहा जण आले, होडी ओढायचा दोर आणला. एका तालात ओढत त्यांनी ट्रॅक्टर, ट्रॉली आणि इंटरनॅशनल वॉटर स्पोर्ट्स कोरड्या वाळूवर आणून ठेवलं. पाणी मागोमाग येतच होतं, कसलीही घाई न करता. जमनामावशी काठ्यांवरचे सुके बोंबील काढत होत्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "काय मास्तर, दगड बघितला का?"

"बघितला."

"मोठा आहे ना?"

वाटेत वंदना सगळ्यांच्या पुढे झपझप चालत होती. शिरीषराव मात्र एका बुटावर चालत भरपूर बोलले. फुकेतला समुद्र दिवसभर असतो, हे त्यांनी चार वेळा सांगितलं. वहिनींनी सगळं शूट केलं होतं, तेही जेवताना दोनदा लावून झालं. "वंदू, मी म्हटलं होतं ना, चिकू." वंदना ताट घेऊन आत गेली, आणि ती आत किती वेळ नळ सोडून भांडी घासत होती ते मला बाहेर ऐकू येत होतं. व्याख्यान देण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

सकाळी ती मला न सांगता बाहेर पडली आणि अर्ध्या तासात परत आली. "दादा, तयार हो. साडेबाराला निघायचंय. जमनामावशींना विचारून आले. एकला भरती पुरी होते."

"परत?" शिरीषराव म्हणाले.

"परत."

पाऊणला आम्ही पोचलो तेव्हा समुद्र बोर्डाला येऊन टेकला होता. भरलेला, फुगलेला, चहाच्याच रंगाचा, पण असा की शिरीषराव दोन पावलं मागे सरले. म्हणाले, काल ट्रॉलीवर बसून पाठ धरली आहे. गॉगलही घरी राहिला. बूटही एकच.

वंदनाने पदर खोचला, वरून जॅकेट चढवलं आणि विपुलभाईंच्या मागे जाऊन बसली. अठरा वर्षं किनाऱ्यावर राहून ती घोट्याच्या वर पाण्यात गेली नव्हती. शिट्टी वाजली. पांढरी रेघ ओढत ते यंत्र गेलं ते थेट होड्यांच्या पलीकडे. इंजिनापेक्षा तिचं ओरडणं जास्त ऐकू येत होतं. भीतीने नव्हे. मी ओळखतो.

दहा मिनिटांची राइड विपुलभाईंनी वीस मिनिटं चालवली. ती उतरली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. तिच्या चपला शिरीषरावांच्या हातात होत्या.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"दूध घालून केलेलं," वंदना म्हणाली. "उकळलेलं."

शिरीषरावांनी चपला तिच्यापुढे ठेवल्या. मग म्हणाले, "बरं आहे." पुण्याच्या माणसाकडून याहून जास्त कोणत्याही समुद्राला मिळालेलं नाही. तो सगळा दिवस ते गप्प होते.

मला मात्र कोणी सुखाने बसू दिलं नाही. टायरवाल्याचं कॅलेंडर उतरलं, तिथीवालं लागलं. मी विरोध केला नाही. सासूबाईंनी पुण्यात सांगितलं की जावई अखेर देवाधर्माला लागले.

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षेला सवयीने मी तोच प्रश्न घातला: पौर्णिमेचा भरती-ओहोटीवर होणारा परिणाम आकृतीसह स्पष्ट करा व परिसरातील उदाहरण द्या. पाच गुण. जमनामावशींच्या नातीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'पौर्णिमेला ओहोटीचे पाणी फार दूर जाते. उदा., आमच्या सरांचे मेहुणे.' खाली आकृती. सूर्य, पृथ्वी, चंद्र, पट्टीने आखून एका रेषेत. पृथ्वीवर हातात चपला घेतलेला एक छोटा माणूस, आणि त्याला बाण काढून नाव दिलं होतं: 'सर'.

मी पाचपैकी पाच दिले. आकृती अचूक होती.