आईच्या मनगटाची जागा

जुने रेडिओ दुरुस्त करायचा मला नाद होता, म्हणून लंडनजवळ क्रॉयडनला एका कारागिराच्या शेडमध्ये माझं जाणं व्हायचं. गेलो की पहिलं वाक्य ठरलेलं, "हात धुवून या." जुन्या यंत्रांवरची उडालेली अक्षरं आणि नक्षी स्कॅन करून ते चिकटवायच्या पातळ कागदावर हुबेहूब छापायचे. बोलताना मान वर करायचे नाहीत.

आई गेल्यावर तिचं शिलाई मशीन मी त्यांच्याकडे नेलं. सोनेरी फुलं विटली होती, आणि पुढच्या कडेला आईचं मनगट घासून घासून नुसता काळा पट्टा उरला होता. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर सगळं गिरवून घेतलं आणि माझ्यादेखत उरलेली फुलं फडक्यानं पुसून टाकली.

"अहो, हे काय केलंत?"

"जुन्यावर नवं बसत नाही."

मग नवी फुलं चिकटवून वाळवली, आणि ट्रेसिंग बघत बघत पुढच्या कडेची नवी फुलं कापसानं घासून तो काळा पट्टा पुन्हा तस्साच करून दिला.

परवा लीड्सहून ताई आली. पट्ट्यावर मनगट टेकवून म्हणाली, "बरं झालं, आईची एवढी जागा तरी राहू दिलीस."

मी चहा टाकायला उठलो.