दाबके यांचं निर्णायक मत

आमच्या सोसायटीचे सचिव कृष्णकांत दाबके यांनी गेल्या अठरा वर्षांत एकही चुकीचा निर्णय घेतलेला नाही. बरोबरही घेतलेला नाही. निर्णय म्हटला की कुणीतरी दुखावणार, आणि कुणी दुखावलं की दाबक्यांना रात्रभर ॲसिडिटी होते. आमची लिफ्ट तीन वर्षं बंद आहे, कारण अर्ध्या सभासदांना ती दुरुस्त करून हवी आहे आणि अर्ध्यांना नवी. इमारतीला दुसऱ्या मजल्यापर्यंत पिस्ता रंग आहे आणि तिथून वर काहीच नाही, कारण रंगाऱ्याची परांची तिथे पोचेपर्यंत वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी पिस्ता रंगाला हरकत घेतली. दाबक्यांनी काम थांबवलं, हरकत नोंदवून घेतली, बाईंकडे चहा घेतला आणि रंगाऱ्यालाही पाजला. नवीन पनवेलात रिक्षावाल्याला आमचा पत्ता सांगताना "अर्धी पिस्ता बिल्डिंग" एवढंच सांगावं लागतं.

तरीही दर निवडणुकीत दाबकेच निवडून येतात. त्यांच्याविरुद्ध मत द्यायला कारण सापडत नाही. उंच, किंचित वाकलेला माणूस, खिशाला कायम दोन पेनं, आणि तुमचं म्हणणं ऐकताना मान अशी डोलवणार की जगात तुमच्याइतकं शहाणं कुणी नाही. तुमच्यानंतर तुमच्या शत्रूचं म्हणणं ऐकतानाही मान तशीच डोलते, हे कळायला एखादं वर्ष लागतं.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी नीतावहिनी गेल्या आणि दाबक्यांपुढे जेवायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. पुण्याहून मुलाने, विश्वजीतने, फोनवर जेवण मागवायची सोय करून दिली. पहिल्याच संध्याकाळी दाबके शेकडो हॉटेलांची यादी वाचत बसले. इथून मागवलं तर तिथल्याला वाईट वाटेल, अशा काहीतरी कुचंबणेत नऊ वाजले आणि शेवटी त्यांनी दूध-पोहे खाल्ले. सून अनुया सुचवत होती की डबा लावा. डबेवालीने विचारलं, चपाती की भाकरी? दाबके म्हणाले, विचार करून कळवतो. अजून कळवायचंय.

अशा माणसाला मैनाताईंची खानावळ सापडली हे त्याचं नशीब. उरण नाक्याच्या अलीकडे एका गाळ्यात चार बाकडी, भिंतीला एकवीरेची तसबीर, गल्ल्यावर नवरा दिनानाथ. मैनाताई उलव्याकडच्या कोळीवाड्यातल्या. दिनानाथची खाडीत होडी होती. पुढे खाडीत भराव पडला, त्या भरावावर विमानतळ झाला आणि होडी दारात पालथी झाली. दिनानाथ आता गल्ल्यावर बसून रस्त्याकडे असा बघायचा, जणू भरती यायची वेळ झालीय आणि रिक्षा मध्ये येतायत. खानावळीत मेनूकार्ड नव्हतं. सकाळी करंजा बंदरावरून जे येईल ते ताटात. मैनाताई विचारत नसत, वाढत. दाबक्यांना आयुष्यात इतकं मोकळं कुठेच वाटलं नव्हतं. दोन्ही वेळा ते तिथे जेवू लागले, आणि महिन्याभरात त्यांच्या गालांवर थोडं मांससुद्धा दिसू लागलं.

पण एकट्या दाबक्यांच्या गालांवर खानावळ चालत नाही. एसटीचे ड्रायव्हर, कोर्टातले कारकून, बाजाराला आलेले नेऱ्याकडचे शेतकरी ही जुनी गिऱ्हाइकं. त्यातली काही निवृत्त झाली, काही नव्या पुलावरून परस्पर जाऊ लागली. दुपारी चार बाकड्यांवर दाबके एकटे, आणि त्यांच्याकडे बघणारे दोघं नवरा-बायको, अशी पंगत बसू लागली. मैनाताईंचा मुलगा कुंदन विमानतळावर माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला होता. त्याने उलव्यात फ्लॅट भाड्याने घेतला आणि आईला सांगितलं की आता पुरे, बंद कर आणि घरी ये. मैनाताईंना बंद करायचं नव्हतं. चौथ्या मजल्यावर दार लावून बसायचं या कल्पनेनेच त्यांचा जीव गुदमरत होता. माय-लेकांची रोज कटकट होऊ लागली, आणि दाबके भाकरीचा तुकडा हातात धरून दोघांच्याही बोलण्यावर मान डोलवू लागले.

एवढ्यात परिषद आली. गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांची परिषद, आणि यजमानपद पनवेलकडे. हॉल शनिवारी लग्नाला गेलेला, म्हणून रविवार-सोमवार. दुपारचं जेवण हॉलवर होतं. रविवारी रात्री मात्र बाहेरगावच्या वीस पाहुण्यांना चांगल्या ठिकाणी जेवायला न्यायचं, आणि ही जबाबदारी स्थानिक यजमान दाबके यांच्यावर. शिवाय परिषद भरवणाऱ्या महासंघाची दर महिन्याची सभा यापुढे पनवेललाच भरणार होती. म्हणजे जेवण आवडलं तर दर महिन्याला तेवढी माणसं मैनाताईंकडे येणार.

दाबक्यांनी हे खानावळीत सांगितलं, तेव्हा कुंदनही तिथेच होता. त्याने सोमवारी दुपारी सामान न्यायला टेम्पो ठरवून ठेवला होता. तो म्हणाला, काका, रविवारी एवढी माणसं आणलीत तर टेम्पोला नाही सांगतो आणि पुन्हा हा विषय काढत नाही. नाही आणलीत तर मात्र आईने मुकाट्याने यायचं. मैनाताई कबूल झाल्या. त्यांनी दाबक्यांकडे फक्त एकदा बघितलं. दाबक्यांनी मान डोलवली, पण या वेळी, त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की, जरा जोरात.

रविवारी पहाटे मैनाताई स्वतः बंदरावर गेल्या आणि पाटीत मावणार नाही असा जिताडा घेऊन आल्या. जिताडा म्हणजे आमच्या खाडीचा जावई. तो आला की घरातली माणसं हळू बोलतात. शिवाय कोलंबी, ओले बोंबील, आणि मासे न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं. दिनानाथने बऱ्याच वर्षांनी दाढी केली. शेजारच्या गॅरेजमधून आणखी बाकडी आणली गेली.

इकडे परिषद जोरात होती. पार्किंग या विषयावर चार भाषणं झाली आणि चौथ्या वक्त्याची गाडी दुसऱ्याच्या गाडीमागे अडकल्याने तो आणखी अर्धा तास बोलला. संध्याकाळी कार्यक्रम संपला आणि वीस भुकेले सचिव हॉलच्या पायऱ्यांवर जमले. तिथे दाबक्यांनी फक्त "चला" म्हणायचं होतं. मेंढरंसुद्धा "चला"वर चालतात, सचिव का चालणार नाहीत? पण अठरा वर्षांची सवय. दाबक्यांनी घसा साफ करून विचारलं, "तर मंडळी, जेवणाबाबत सभागृहाची काय इच्छा आहे?"

त्यांनी सभागृह म्हटलं आणि पायऱ्यांचं सभागृह झालं. पुण्याचे सत्यजीत लिमये, बारीक मिशीचे आणि जाड नियमांचे गृहस्थ, लगेच म्हणाले की अध्यक्ष ठरल्याशिवाय चर्चा कशी होईल. यजमान म्हणून दाबके अध्यक्ष झाले. दाबक्यांनी मैनाताईंच्या खानावळीचं नाव सुचवलं. त्याला अनुमोदन मिळालं. मग समोरच्या बाजूला दिव्यांनी लखलखणारं एक मोठं शाकाहारी हॉटेल होतं, त्याचं नाव लिमयांनी सुचवलं. त्यालाही अनुमोदन मिळालं. लिमयांनी फोनवर खानावळीबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते मोठ्याने वाचून दाखवलं. एका गिऱ्हाइकाने एकच तारा दिला होता, कारण तो ऐन मासेमारीबंदीत आला आणि त्याला सुकट मिळाली. दुसऱ्याने पाच दिले होते, पण त्याच्या मजकुरावरून तो गॅरेजबद्दल बोलत असावा.

ठाण्याच्या मिताली कर्णिक म्हणाल्या, प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही. मग द्विसदस्यीय समिती नेमली. ती रिक्षाने खानावळ बघून आली. अहवाल असा की पार्किंग नाही, अग्निशामक नळकांडं नाही, दाराची पायरी उंच आहे. स्वयंपाकाचा वास उत्तम होता, परंतु तो पाहणीच्या कक्षेत येत नव्हता. अहवाल वाचणाऱ्या सदस्यांच्या बोटांना तळलेल्या कोलंबीचं तेल स्पष्ट दिसत होतं. मैनाताईंनी पाहुणे समजून त्यांना बशीत घालून दिली होती, आणि मागून आणखी किती जण येतायत तेही विचारलं होतं. समितीने सांगितलं, तो विषय विचाराधीन आहे.

मतदान झालं. दहा हात खानावळीच्या बाजूने वर गेले, दहा समोरच्या हॉटेलच्या. दाबके अध्यक्ष, त्यांचा हात खालीच होता.

मितालीबाई पायरीवर टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दाबकेकाका, समसमान मतं पडली की अध्यक्षांचं निर्णायक मत असतं. द्या आणि चला, चक्कर यायला लागलीय."

दाबक्यांनी हे मला नंतर जिन्यात सांगितलं. लिफ्ट नसल्याने आमच्याकडे सगळं जिन्यातच सांगितलं जातं. ते म्हणाले की त्या क्षणी त्यांना जिताडा दिसला, मैनाताई दिसल्या, टेम्पो दिसला. हात छातीपर्यंत आलासुद्धा होता. मग त्यांनी समोर बघितलं. लिमयांच्या बाजूचे दहा जण त्यांच्याकडे बघत होते. सोलापूरचे एक वयस्कर गृहस्थ तर अगदी बिचारे दिसत होते. छातीपर्यंत आलेल्या हाताने दाबक्यांनी खिशातली पेनं सारखी केली आणि ते म्हणाले, "सर्वसंमती झाली असती तर आनंद वाटला असता. तूर्त हा विषय आपण पुढील सभेपुढे ठेवू."

कुणी हसलं नाही. कुणाला त्यात काही विचित्रच वाटलं नाही. लिमयांनी ते टिपून घेतलं. मग भुकेने कासावीस झालेली मंडळी, कुठलाही ठराव न करता, एकेक करत रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात शिरली. ज्यांनी मासे हवेत म्हणून हात वर केला होता तेच पुढे होते. दाबके यजमान, ते कसे मागे राहणार? त्यांच्यापुढे पनीर आलं. खिशातला फोन थरथरायचा, थांबायचा, पुन्हा थरथरायचा. त्यांनी तो बाहेर काढला नाही. शेजारच्या पाहुण्याने विचारलं, घरून आहे का? दाबके हो म्हणाले.

सोमवारी दुपारी परिषदेचा समारोप झाला. उत्कृष्ट आयोजनाबद्दल दाबक्यांना शाल आणि नारळ मिळाला. ती शाल खांद्यावर आणि नारळ हातात घेऊन ते उरण नाक्याला गेले. शाल काढून ठेवावी की राहू द्यावी, हे रस्ताभर ठरलं नव्हतं.

गाळ्यासमोर टेम्पो उभा होता. कुंदन आणि त्याचे दोन मित्र भांडी चढवत होते. जिताडा रात्री रिक्षास्टँडवरच्या पोरांनी खाल्ला होता, गॅरेजवाल्यांनी खाल्ला होता. एकवीरेची तसबीर दिनानाथच्या मांडीवर होती. दाबके एका बाकड्यावर बसले. मैनाताई आतून आल्या. त्यांनी ताट ठेवलं, आदल्या दिवशीचं बिरडं वाढलं, भाकरी वाढली. त्या चिडल्या असत्या तर दाबक्यांना सोसवलं असतं. चिडलेल्या माणसाची समजूत घालण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मग त्यांनी होतं तसं सगळं सांगितलं. सभा, समिती, दहा आणि दहा. मैनाताई चुलीकडचा ओटा पुसत ऐकत होत्या.

"म्हंजे शेवटी तुमच्यावर आलेला," त्या म्हणाल्या.

"हो."

"आनि तुमी हात वर केला नाय."

"दहा माणसं नाराज झाली असती, ताई."

मैनाताईंचं फडकं थांबलं. "ती मानसं आज गावाला गेली ना, दाबकेभाऊ? आमी हितंच व्हतो."

दाबक्यांची मान डोलली. ती थांबवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ती डोलतच राहिली. गल्ल्यावरून दिनानाथ म्हणाला, "जेवू दे त्याला." त्या दिवशी तो तेवढंच बोलला.

दाबके जेवू लागले. दुसरी भाकरी निम्मी झाली तेव्हा कुंदन आत आला. तो रागावलेला नव्हता. जिंकलेल्या माणसाला राग कशाला येईल? उलट आईचं तोंड बघून त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. तो हळू आवाजात म्हणाला, "काका, टेम्पोवाल्याला दुसरं भाडं आहे. हे शेवटचं बाकडं राहिलंय."

दाबके ताट घेऊन उठले. मित्र खाली टेम्पोत भांडी लावत होते, म्हणून बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. दाबक्यांनी इकडे तिकडे बघितलं, ताट डाव्या हातात घेतलं, आणि शाल सांभाळत उजव्या हाताने ते टोक उचललं. उंच पायरीवरून दोघांनी बाकडं उतरवलं. मग रिकाम्या गाळ्यात परत येऊन, भिंतीला टेकून, उभ्याउभ्या दाबक्यांनी उरलेलं बिरडं संपवलं. मैनाताई ताटासाठी थांबल्या होत्या. तेवढं एक ताट टेम्पोत चढायचं राहिलं होतं.